तिकीट बदललंय, रागावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

तुमचं एप्रिलचं तिकीट मी न विचारता बदललं. आता १४ जूनचं आहे. फोनवर सांगितलं असतं, तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती आणि फोन बाबांकडे दिला असता. त्या "बरं"चा अर्थ मला लहानपणापासून कळतो, म्हणून लिहितेय.

चिनूचा वाढदिवस विसरलेले नाही. पण मागच्या एप्रिलमधली ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दोन वाजता टोर्नेडोच्या इशाऱ्याचा भोंगा झाला. मी चिनूला उचलून जिन्याखालच्या खोलीत नेलं, मागोमाग आई आली. आणि बाबा? पुढच्या पायरीवर, चष्म्याशिवाय. "काही दिसत नाही गं, नुसता वारा आहे." बाबा, रात्री पावसाच्या पडद्याआड टोर्नेडो दिसतच नाही, वीज चमकली तर तेवढाच. म्हणून तर इथे अलाबामात रात्रीचे जास्त जीव घेतात. मी तुम्हाला दंडाला धरून ओढलं, गुडघ्याचा विचार केला नाही. तो पुढे दोन महिने दुखत होता, हे आईनं किती उशिरा सांगितलं!

तुम्ही म्हणाल, टोर्नेडो काय, कधीही येऊ शकतो. खरं आहे. इथेच हंट्सविलमध्ये १५ नोव्हेंबर १९८९ ला ऐन ऑफिस सुटायच्या वेळी आला आणि २१ माणसं गेली. पण वसंतात सगळं एकदम जुळून येतं. खाली मेक्सिकोच्या आखातावरून आलेली उबदार, दमट हवा, वर थंड, आणि मध्ये कधीकधी गरम हवेचा एक थर, कुकरच्या झाकणासारखा. ते झाकण दुपारी सुटलं की ढग उसळतात. एवढ्यानं नुसतं वादळ होतं. खरी मेख वाऱ्यात आहे. जमिनीलगत तो एका दिशेचा, वर दुसऱ्याच दिशेचा आणि कितीतरी जोराचा. त्यामुळे हवा तळहातांमध्ये पेन्सिल फिरवावी तशी आडवी गुंडाळली जाते, आणि वर चढणारा झोत ती गुंडाळी उभी करतो. मग अख्खा ढगच फिरायला लागतो. जूनपर्यंत वरचे जोराचे वारे उत्तरेला सरकलेले असतात. गडगडाट असतोच, पण ढग फिरणं कमी.

असे ढग एका दिवसात डझनावारी तयार झाले की काय होतं, ते २७ एप्रिल २०११ ला इथल्या लोकांनी पाहिलं. एकट्या अलाबामात त्या दिवशी ६२ टोर्नेडो. हॅकलबर्ग गावावरून गेलेल्या एकट्यानं ७२ माणसं नेली. ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या मोठ्या तारा पडल्या आणि हंट्सविल कित्येक दिवस अंधारात होतं.

बाबा, वीज चमकली की गडगडाटापर्यंत सेकंद मोजायला तुम्हीच शिकवलंत. तीनला एक किलोमीटर. मी पांघरुणात तोंड घालून मोजायचे आणि आकडा वाढला की तुम्ही म्हणायचात, "गेली बघ लांब." इथे तसं मोजता येत नाही. इशारा मिळाल्यावर दहा-पंधरा मिनिटं, कधी तीही नाहीत. तेवढ्यात तुम्ही जिना उतरायचा, हे मला झेपत नाही. तुम्हाला झेपेल, मला नाही.

जूनमध्ये उकडेल, पण घरात एसी आहे. तुमची खोली आता खालीच केलीय, बाथरूमला दांडी बसवलीय, आईचा चहाचा टोप जागच्या जागी आहे.

आता ऐका. बाबांनी बीपीची गोळी चुकवायची नाही. आईनं रात्री वादळांचे व्हिडिओ बघायचे नाहीत, आणि मला तर मुळीच पाठवायचे नाहीत. येताना बाबांनी बंद बूट आणायचे. रात्री ते पलंगाशीच ठेवायचे, कारण नंतर पाय कापतात ते फुटलेल्या काचांनी. चपला चालणार नाहीत. आणि भोंगा झाला, तर पायरीवर कुणीही जायचं नाही.

चिनूला मी जून सांगितलंय. तो म्हणतो, आजी आली की केक परत कापायचा.

तुमची,
मनू