आपला पाईप मोडला

प्रिय दिग्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, तुझे तीन मेसेज, जावयाला कुठला तंबाखूचा पाईप घ्यावा हा प्रश्नसुद्धा, वाचून तसेच ठेवले. रागावला असशील. कारण एका ओळीत सांगतो: आपला पाईप मोडला. माझ्या हातून. फोनवर सांगायची छाती झाली नाही, म्हणून कागद.

(बीपीची गोळी चालू, गुडघा जिन्यावर कुरकुरतो. संपलं तब्येतीचं पुराण.)

तंबाखू भरायचा बाऊल शाबूत आहे, आधी श्वास घे. तोंडात धरायच्या नळीच्या टोकाची खुंटी, लाकडात शिरते ती, मुळाशी तुटली आणि आतच राहिली. 'गरम असताना नळी पिळू नकोस' म्हणून गच्चीवर तू माझ्यावर खेकसला होतास, बन्या मध्ये पडला नसता तर त्या रात्री आपली जुंपलीच असती. तेव्हापासून आजवर मी गरम पाईप एकदाही उघडला नाही रे. हा थंडगार असताना मोडला.

झालं असं. आता वर्षातून चार-पाचदा ओढतो, तेही झड लागली की. या वेळी पहिल्याच झुरक्याला तोंड कडू झालं. काजळीचा थर तर मी नाण्याच्या जाडीपुढे कधी जाऊ देत नाही (कंपासच्या टोकाने बाऊल खरवडणारा तू होतास, ती रेघ अजून आहे), म्हणजे आत वास मुरला होता. मग मिठाचा उपाय. बाऊलमध्ये खडेमीठ भरायचं, वरून स्पिरिट थेंबाथेंबाने सोडायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी मीठ तपकिरी होतं, सगळी घाण ओढून घेतं. घरात स्पिरिट नव्हतं. गेट-टुगेदरची व्होडका उरली होती, ती ओतली.

लाव, कपाळाला हात लाव. मी लेबल वाचलं ते नंतर: 42.8 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच पाजलं की मी त्याला! त्यात दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, साताऱ्याला गेलो तो तिसऱ्या दिवशी परतलो. ब्रायर म्हणजे झुडपाच्या मुळाची गाठ, आगीला दाद देत नाही, पण पाण्यापुढे शेवटी लाकूडच. फुगलं. खुंटी आवळली गेली. मी जोर केला आणि कट्.

अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवला असता तर नळी अलगद निघाली असती, हे मागाहून कळलं. नळीचं एबोनाइट, म्हणजे कडक रबर, लाकडापेक्षा जास्त आकसतं. हे गणित आपण पेपरात सोडवलंय. मी तुझं बघून, पण सोडवलंय. तुटल्यावरही एकदा ठेवून पाहिला. तुकडा हलला नाही, हिला मात्र मटारच्या पिशवीखाली पाईप सापडला. त्यावर जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मधल्या काळात भाच्याने अमेरिकेहून मक्याच्या बुरकुंडाचा पाईप आणला. पंधरा डॉलरच्या आत. हसू नकोस. मिसुरीत वॉशिंग्टन नावाचं गाव आहे, तिथे 1869पासून करतात. सुरुवात केली ती हेन्री टिबे नावाच्या डच माणसाने, आणि तो होता लाकडाचा खरादी! एका शेतकऱ्याने सांगितलं म्हणून कणीस लेथवर चढवलं म्हणे. लेथच्या कामात तुझाच पूर्वज. पुढे वरची छिद्रं प्लास्टर ऑफ पॅरिसने बुजवायची युक्ती काढली. हलका आहे, पहिल्या दिवसापासून गोड लागतो, फार जोरात ओढला की मात्र जळतो. जळला की टाकून द्यायचा. टाकून द्यायच्या वस्तूवर जीव कसा लावायचा, सांग.

तुझ्या जावयाला स्वस्तातला हवा असेल तर हाच सुचव. ब्रायरचाच हट्ट असेल तर रंगावर जाऊ नको म्हणावं, जाड पॉलिशखाली पुट्टीने बुजवलेले खड्डे असतात. नळीतून पाईप क्लीनर (साफ करायची केसाळ तार) घालायचा, तो न अडता बाऊलच्या तळाशीच निघाला पाहिजे. आपण जुन्या बाजारात काय पाहिलं होतं? नुसती चकाकी. साठ रुपये गेले, त्यातले तीस माझे. तू चाळीस दिलेस म्हणतोस ते मला आजही मान्य नाही.

मुक्ताच्या लग्नाचे फोटो पाहिले. फेट्यात तू थेट तुझ्या काकांसारखा दिसतोस. वहिनींना नमस्कार. न येण्याचं कारण आता कळलंच असेल, मांडवात तू पहिलं काय विचारलं असतंस?

आता मुद्दा. इथला लेथवाला म्हणाला, 'ड्रिल मारू, पाच मिनिटांचं काम.' मी पाईप खिशात घालून परत आलो. मानेचं, म्हणजे खुंटी शिरते तिथलं, लाकूड जेमतेम तीन मिलिमीटर आहे, ड्रिल तिरकं गेलं तर चिरणार. निम्मा पाईप तुझा, तेव्हा तुझ्या परवानगीशिवाय कुणाला हात लावू देणार नाही. कुरिअरने तुझ्याकडे उद्यमनगरला धाडू? आतला तुकडा बारीक स्क्रू फिरवून ओढता येईल असं वाटतं, आणि नवी खुंटी डेलरिनच्या (कडक प्लास्टिकच्या) रॉडमधून काढता येईल. तुला पटत नसेल तर मोडकाच ठेवू. पण शिव्या पत्रातच दे, फोनवर ही ऐकते.

तुझा,
बाळ्या

ता. क. मानेच्या तोंडाशी भोक 8.2 मिलिमीटर भरलं, तीनदा मोजलं. व्हर्नियर तुझाच, सेकंड इयरचा. तो मोडलेला नाही.