दहा लिटरला तीन किलोमीटर

आइंडहोवन
11 जानेवारी

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, शनिवारी तुझे चार फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. रात्री "खेळत होते" असं कळवलं, तर तुझं उत्तर आलं, "काय?" एवढंच. तो "काय" मला दोन दिवस पुरला. म्हणून सविस्तर लिहिते. बाबा मोबाइलवरचं काही वाचत नाहीत, पण पोस्टाने पत्र आलं की चष्मा शोधायला उठतात हे मला ठाऊक आहे.

तर शनिवारी दुपारी मी बेल्जियममधल्या सेल गावाबाहेर सहा जर्मन पँथर रणगाडे घेऊन अडकले होते. (गावाचं नाव खरंच सेल आहे, हसू नकोस.) साल 1944, नाताळचा आदला दिवस. प्रत्यक्षात हा दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईचा टेबलावरचा खेळ. आमच्या भागातल्या समाजमंदिरात सहा फूट बाय चार फुटांचं टेबल होतं. त्यावर बोटाएवढाले रणगाडे, लोकरीचं धुरासारखं धुकं आणि खायच्या सोड्याचा बर्फ. सोडा, पांढरा गोंद आणि थोडा रंग कालवून तो करतात. वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो, मग पुन्हा करायचा.

चाळिशीला आलेली मुलगी खेळणी मांडते म्हणून कपाळाला हात लावू नकोस. सुरुवात तुझ्याच अंगणात झाली आहे. दिवाळीचा किल्ला आठव. तू अळीव पेरायचीस, दादा मावळे उभे करायचा, आणि बाबा डेपोतून आले की पायथ्याशी खेळण्यातली लाल एसटी ठेवायचे. तिला काडेपेटीच्या पुठ्ठ्याची पाटी होती, "नगर – रायगड, मुक्कामी". शिवाजी महाराजांच्या काळात एसटी कुठली, म्हणून दादा भांडायचा. बाबा म्हणायचे, मावळे सुट्टीला घरी कसे जाणार मग? इथल्या मंडळींपुढे एवढी चूक केली असती तर मला बाहेर काढलं असतं. रणगाड्यावरचा चुनासुद्धा नीट लागतो त्यांना.

हो, चुना. खऱ्या लढाईत बर्फात लपावं म्हणून रणगाड्यांना चक्क चुना फासायचे, आणि पावसाचिखलात तो ओघळून जायचा. त्यामुळे छोट्या रणगाड्यालाही पांढरा रंग द्यायचा आणि मग ओल्या ब्रशने कडांवरून खरवडून काढायचा. ज्यांच्याकडे चुना नव्हता त्यांनी लोकांच्या पलंगावरच्या चादरी मागितल्या. ही गोष्ट तुझ्यासाठी राखून ठेवली होती. बेल्जियममधल्याच बास्तोनजवळच्या हेमरूल गावात जॉन हॅनलन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने घराघरांतून चादरी उसन्या घेतल्या. त्या अर्थातच परत गेल्या नाहीत. मग 1948 साली तो स्वतः त्या गावात गेला, आणि अमेरिकेतल्या त्याच्या गावच्या लोकांनी जमवून दिलेल्या चादरी घरोघरी वाटून आला. तू उसना वाटीभर रवासुद्धा शीग लावून परत करतेस, म्हणून तुला सांगितलं.

आता बाबा, पुढचं तुमच्यासाठी. चष्मा पुसून घ्या.

16 डिसेंबर 1944ला जर्मनांनी बेल्जियमकडच्या आर्देनच्या जंगलातून मोठा हल्ला केला. म्यूज नदी ओलांडायची आणि अँटवर्प बंदर गाठायचं, असा बेत. आभाळ भरलेलं होतं, म्हणून अमेरिकन-ब्रिटिश विमानं जमिनीवर बसून होती. सगळ्यांत पुढे पोचली ती जर्मनांची 2 नंबरची पँझर डिव्हिजन, म्हणजे रणगाड्यांची तुकडी. 24 तारखेला ती सेल गावाजवळ होती. तिथून दिनां गावाजवळची म्यूज नदी दहा किलोमीटरच्या आत. आणि तिथे पेट्रोल संपलं. आदल्याच दिवशी आभाळ मोकळं होऊन विमानं उडू लागली होती. 25 तारखेपासून अमेरिकेच्या 2 नंबरच्या आर्मर्ड डिव्हिजनने त्यांना वेढून संपवलं. उरले ते गाड्या तिथेच टाकून रात्री पायी मागे गेले.

पँथरचं वजन 45 टन, टाकी सुमारे 730 लिटरची, आणि चांगल्या रस्त्यावर ती जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर पुरायची. मी तुमच्या पद्धतीने हिशेब केला. डेपोच्या फळ्यावर ड्रायव्हरच्या नावापुढे केपीटीएल लिहिलेला असायचा, दहा लिटरला किती किलोमीटर तो. आपली साधी एसटी पन्नासच्या आसपास. पँथरचा केपीटीएल येतो तीन! शेतात, चिखलात त्याहून कमी. तुमच्या फळ्यावर असा ड्रायव्हर आला असता तर तुम्ही त्याला आधी इंजेक्टर तपासायला पाठवलं असतं आणि मग घरी.

पण गंमत पुढेच आहे. समोरच्या अमेरिकन शर्मनचा केपीटीएलही तीनाच्याच आसपास येतो. मी दोनदा आकडेमोड केली. म्हणजे पँथर पेट्रोल पितो म्हणून हरला, हे खरं नाही. दोघेही सारखेच पिणारे. शर्मनच्या मागे टँकरची रांग होती, पँथरच्या मागे विमानांनी फोडलेला रस्ता होता.

खेळात हेच यावं म्हणून आम्ही घरचा नियम केलाय. सहा पँथरना मिळून पेट्रोलचे 20 डबे. एक रणगाडा एकदा हलला की एक डबा गेला. इंजिन बंद ठेवलं तर खर्च नाही, पण थंडीत ते पुन्हा चालू होण्यासाठी फाशावर 4, 5 किंवा 6 पडावा लागतो. इंजिन नुसतं चालू ठेवून उभं राहिलं तरी अर्धा डबा. निदान दोन पँथर पश्चिमेच्या कडेने टेबलाबाहेर काढले की मी जिंकले.

पहिल्या दोन डावांत मी सगळ्यांना पळवलं. बारा डबे गेले, पण दोन शर्मन टिपले. पँथरच्या समोरच्या तिरक्या पत्र्याला शर्मनची साधी तोफ काही करू शकत नाही, त्यामुळे तोंड शत्रूकडे असेपर्यंत आपण राजे. मग डबे मोजले आणि पोटात गोळा आला. शेतघराआड तीन रणगाड्यांची इंजिनं बंद केली. पुढच्या डावात फासे टाकले, 2, 1, 3. एकही चालू होईना! तेवढ्यात माझ्याविरुद्ध खेळणारे इथले आजोबा त्यांचे शर्मन घेऊन जंगलातून बाजूला आले. बाजूचा पत्रा पातळ असतो. मग आभाळ मोकळं झालं (त्यालाही फासा आहे) आणि विमानं आली. शेवटी एकच पँथर उरला. दारूगोळा भरलेला, पेट्रोल शून्य, कडेपासून एक वीत लांब. तिथेच उभा राहून दोन डाव तो नुसता तोफ फिरवत होता. चार तास चाललं हे. फोन कोटाच्या खिशात होता, आई.

एक खोटेपणा कबूल करते. आमच्या प्रमाणात टेबलाची सहा फूट लांबी म्हणजे जेमतेम 180 मीटर. खरी तोफ त्याच्या कितीतरी पट लांब मारायची. नियम अंतरं मुडपून बसवतात, नाहीतर पहिल्याच डावात सगळे सगळ्यांना मारतील.

तुम्ही विचाराल, जर्मन कशाला झालीस? आजोबा होत नाहीत म्हणून. ते सत्तरीपुढचे, निवृत्त पोस्टमन. आमचं हे शहर सप्टेंबर 1944मध्येच जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, पण त्यांची आई तेव्हा वरती हार्लेममध्ये होती. उत्तरेत आणि पश्चिमेत तो हिवाळा उपासमारीचा गेला, हजारो माणसं मेली. त्यांच्या आईने ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. आजोबा जर्मन रणगाडे फार सुंदर रंगवतात, माझे सहाही त्यांनीच रंगवलेत, पण ती बाजू घेऊन ते एक फासासुद्धा टाकत नाहीत. कोणीतरी घ्यावीच लागते, म्हणून मी घेते. एसएसची, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाची सशस्त्र पथकं आमच्या टेबलावर कोणीच आणत नाही, हा न लिहिलेला नियम.

उन्हाळ्यात मी सेलला जाऊन आले. चौकात एक खरा पँथर उभा आहे, हल्ला इथे थांबला अशी पाटीही आहे. तिथली कथा अशी की जवळच्या हॉटेलवाल्या बाईने जर्मनांना सांगितलं, पुढचा रस्ता सुरुंगांनी भरलाय, आणि ते थबकले. खरं-खोटं गावकरी जाणोत. मी त्या रणगाड्याला हात लावला तर मला नगरचं रणगाडा संग्रहालय आठवलं. पकडून आणलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्याजवळ तुम्ही खाली वाकून ऑइल कुठून गळतंय ते बघत होता आणि पहारेकऱ्याने हटकलं होतं. आठवतंय?

हल्ली फोनवर तुम्ही "हं, बरं आहे" म्हणता आणि लगेच आईकडे देता. म्हणून कामाचं विचारते. त्या अर्ध्या डब्यावरून आमचं भांडण आहे. उभ्या रणगाड्याचं इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तर चालण्याच्या निम्मं पेट्रोल खातं, असं आजोबांचं म्हणणं. मला ते जास्त वाटतं. डेपोत गाडी चालू ठेवून चहाला जाणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही नेमका आकडा ऐकवायचात, ताशी इतके लिटर वाया जातात म्हणून. तो किती होता? आणि थंडीत, पहाटेच्या मुक्कामी गाडीचा वेगळा होता का? पँथर पेट्रोलवरचा आणि तुमची गाडी डिझेलवरची, हा फरक धरून सांगा.

31 तारखेला पुढचा खेळ आहे. त्याआधी आकडा कळवा. फोनवर सांगितलात तरी चालेल, मात्र आईकडे फोन देण्याआधी.

तुमची,
लेक

ता. क. आई, जुनी पांढरी चादर फाटली असेल तर फेकू नकोस. पुढच्या टेबलाला लागेल.