डाकारच्या माझ्या शेजारच्या मावशींना

मावशी,

तुम्हाला मराठी येत नाही तरी मराठीतच लिहितेय, कारण मनातलं सगळं मला याच भाषेत सांगता येतं. तुमच्या लेकीला मी अर्थ सांगेन, ती तुम्हाला वोलोफमध्ये सांगेल.

इथे सेनेगलमध्ये, डाकारला आल्यापासून दुपारची मी एकटीच जेवायचे. इथले आपले लोक भेटले की "एकदा या हं जेवायला" म्हणायचे, पण कुठल्या वारी ते कुणीच सांगितलं नाही. सल्ले मात्र भरपूर, म्हणे एका परातीत सगळे हात घालून खातात तिथे जाऊ नकोस, आजारी पडशील. आणि तुम्ही, ओळख ना पाळख, दारात उभं राहून हाताने बोलावलंत, सरकून चटईवर जागा केलीत, बस्स.

चेबुजेनबद्दल, म्हणजे तुमच्या या मासे-भाताबद्दल, वाचलं होतं मी, मूळ सें लुई शहरातलं, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं वगैरे. पण समोर ती भलीमोठी परात आली, टोमॅटोत शिजून लाल झालेली तांदळाची कणी, मधोमध मासा, भोवती गाजर, कोबी, कसावा, कडू वांगी, वर चिंचेचा आंबटपणा, मला एकदम मालवणचं घर आठवलं आणि घशाशी आलं काहीतरी. ज्याने त्याने आपल्या समोरचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही, हे तुमच्या धाकट्याकडे बघून कळलं. मग मधला मासा घ्यायचा कसा, नवीन माणसाने?

तेवढ्यात तुम्ही जावेशी बोलता बोलता, माझ्याकडे बघितलंही नाहीत, बोटांनी मासा मोडलात, काटा काढलात आणि तो तुकडा माझ्या समोर सरकवलात. मग गाजर. मग कसावा. माझ्या पुढचं संपलं की परत, आणि वर "लेक्कल, लेक्कल", खा, खा. नंतर तळाची खरवड आली त्यातलाही वाटा मला. घरची बाई पाहुण्याला असंच वाढते, ही इथली रीतच आहे असं नंतर समजलं, असू दे रीत, पण मला काटे काढून मासा शेवटचा भरवला होता तो माझ्या आईने, आणि ती आता नाहीये.

कुणीतरी अचानक येईल हे धरूनच तुम्ही रोज भात जास्त टाकता. पैसा फार आहे अशातला भाग नाही, मी बघते ना. असं वागणारी माणसं आहेत म्हणून परक्या गावात राहता येतं हो, बाकी कितीही सोयी असू देत.

जेवणानंतर अताया, म्हणजे तुमचा तीन फेऱ्यांचा चहा झाला, पहिला कडक, तिसरा गोड, तिन्ही फेऱ्या होईपर्यंत तुम्ही मला उठू दिलं नाहीत.

आता माझी पाळी. येत्या रविवारी दुपारी तुम्ही सगळे आमच्याकडे, जाऊबाई आणि पोरं धरून. माशाचं कालवण आणि भात करतेय, तिखट बेताचं ठेवीन. मोठी परात तेवढी तुमची लागेल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची