ब्रेकच नाहीत ती गाडी 'हळू' कशी चालवायची?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते)

विषय : पद्मिनी गाडीच्या खोक्यातून अँबेसेडरचा ब्रेक मास्टर सिलिंडर पाठवल्याबाबत, तसेच आज सकाळच्या फोनबाबत.

महोदय,

आज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने मला ब्रेक नसलेली गाडी पन्नास किलोमीटर चालवून तिचा व्हिडिओ पाठवायला सांगितलं. हा माझा सातवा फोन होता. आठवा करणार नाही, म्हणून लिहितो आहे.

ऑर्डर २३ ऑगस्ट २०२५ ची, तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८. मास्टर सिलिंडर एक, व्हील सिलिंडर चार, रबरी होजचा एक संच. एकूण ८,७४० रुपये, सगळे आगाऊ. तुमचं पार्सल आमच्या गावापर्यंत येत नाही, म्हणून वरूडला जाऊन मीच ते घेऊन आलो, जाऊन-येऊन २८ किलोमीटर. होज बसले. व्हील सिलिंडरही बसले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, खोटं कशाला बोलू. भांडण मास्टर सिलिंडरचं आहे, पेडल दाबलं की चाकांपर्यंत ब्रेक ऑइल ढकलतो त्या भागाचं.

खोक्यावर 'पद्मिनी' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्या कोपऱ्यात नख घातलं की खाली दुसरी चिठ्ठी निघते आणि तिच्यावर 'अँबेसेडर' लिहिलेलं आहे. मी नख नंतर घातलं. आमच्या मिस्त्रींना त्याचीही गरज पडली नाही. त्यांनी ब्रेक पाइपचा नट चिमटीत धरून फिरवून पाहिला, दोन आटे घेतले आणि अडकला. "भाऊ, हे आपल्या फियाटचं नाही ना," ते म्हणाले. "हे अंबासडरचं हाय. आटाच येगळा हाय याचा."

सुट्या भागांचा धंदा करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागू नये. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट, इटलीची, तिचे आटे मेट्रिक. अँबेसेडर निघाली मॉरिस ऑक्सफर्डवरून, म्हणजे विलायतेतून, तिचा हिशोब इंच-सुताचा. पान्हा लावून जोर केला तर नट आत जाईलही, पण आटे मरतील आणि कधीतरी जोरात पेडल दाबलं की ब्रेक ऑइल रस्त्यावर. मिस्त्री ६८ वर्षांचे आहेत. ब्रेकच्या कामात ते जोर करत नाहीत.

तिसऱ्या फोनला तुमच्या एका बाईंनी "अडॅप्टर लावून घ्या" असं सुचवलं होतं. मिस्त्रींना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले. त्यांचं उत्तर मला कळलं.

गाडी कोणाची, हे तुमच्या फॉर्ममध्ये विचारत नाहीत, तरी सांगतो. आजोबांनी घेतली, सरकारच्या एकाधिकार खरेदीत घातलेल्या कापसाचा चुकारा हातात आला त्या वर्षी. नंबर लावून, वाट पाहून. गावात तिला आजही कोणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. (डुक्कर फियाट वेगळी, ती जुनी. तुमच्या दोन माणसांना हा फरक मी फोनवर सांगितला आहे.) पोळ्याला बैलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी ती उभी राहायची, बॉनेटवर झूल टाकून. बैलांचे पाय धुऊन झाले की आजी त्याच तांब्यातलं पाणी तिच्या चाकांवर घालायची आणि कुंकू लावायची. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला आजी-आजोबा दर वर्षी तिनेच गुरुकुंज मोझरीला जायचे. नजर कमी झाली तेव्हा आजोबांनी स्वतः किल्ली खुंटीला टांगली. त्यानंतर अकरा वर्षं गाडी कोठ्यात उभी होती, टपावर संत्र्याचे क्रेट आणि आत उंदीर. आजोबा मागच्या वर्षी गेले. फॉर्म ३१ भरून गाडी माझ्या नावावर झाली.

व्हिंटेज नोंदणी कर, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. त्याला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, आणि ती घेतली की गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. मला ती प्रदर्शनात मांडायची नाही. आजीला घेऊन मोझरीला जायचं आहे, बस.

वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसायची. इंजिन मात्र जाम नव्हतं. प्लग काढून भोकांतून तेल सोडलं, तीन दिवस तसंच ठेवलं, मग हलके हलके फिरवलं. दसऱ्याच्या दिवशी १०८९ सीसीचं ते इंजिन सुरू झालं. अख्ख्या कोठ्यात निळा धूर, आणि आजी दारात पदर नाकाला लावून उभी. म्हणाली, "थांबते का?" तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच विचारते. आणि मी रोज सांगतो, आजी, चालू होते, थांबत नाही.

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच ("गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे"), पण ते कोणी ऐकत नसावं, म्हणून लिहून देतो.

मी म्हटलं, पार्ट चुकीचा आला आहे, बदलून द्या.
तो म्हणाला, सर, परताव्यासाठी रोड टेस्ट व्हिडिओ लागतो. पार्ट फिट करून पन्नास किलोमीटर चालवल्याचा.
मी म्हटलं, पार्ट फिटच होत नाही, हीच तर तक्रार आहे.
तो म्हणाला, बरोबर सर, पण व्हिडिओशिवाय सिस्टिममध्ये तक्रार पुढे जात नाही.
मी म्हटलं, अहो, हा ब्रेकचा मास्टर सिलिंडर आहे. तो बसला नाही तर गाडीला ब्रेक नाहीत. चारही चाकांना नाहीत.
थोडा वेळ शांतता. मला वाटलं, समजलं.
तो म्हणाला, "सर, हळू चालवा ना मग."

मी त्याला विचारलं, दादा, तू गाडी चालवतोस का? तो म्हणाला, हो सर, बाइक. मी म्हटलं, तुझ्या बाइकचे दोन्ही ब्रेक काढून तुझा मॅनेजर तुला पन्नास किलोमीटर जा म्हणाला तर जाशील? तो म्हणाला, "सर, ते पॉलिसीमध्ये नाही." मग त्याने मला होल्डवर टाकलं. चार मिनिटं सनई वाजली. परत आला आणि पहिल्यापासून सुरू केलं, सर, आपल्या गाडीचं मॉडेल काय? मी सांगितलं. तो म्हणाला, "पण पद्मिनी टॅक्सी तर बंद झाल्या ना सर?"

हो, झाल्या. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला २० वर्षं पूर्ण झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. पेपरात आलं होतं, मीही वाचलं. पण माझी गाडी टॅक्सी नाही, वरूड मुंबईत नाही, आणि पद्मिनी बंद झाल्या आहेत म्हणूनच तर लोक तुमच्याकडे येतात. नव्या गाडीचा पार्ट मला चौकातल्या दुकानात मिळाला असता. तुमच्या जाहिरातीत 'आजोबांची गाडी, पुन्हा रस्त्यावर' असं लिहिलेलं आहे. रस्त्यावर आणाल हो, पुढे काय? नाल्यात?

माणूस बिचारा वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याचा राग नाही. राग आहे तो त्याच्यासमोर ठेवलेला कागद लिहिणाऱ्याचा. ज्याने ब्रेकच्या पार्टसाठी चालवून दाखवण्याची अट घातली त्याने कधी ब्रेक दाबला आहे का, की ड्रायव्हर ठेवला आहे?

परत सांगतो, कारण सात फोनमध्ये कोणी लिहून घेतलेलं दिसत नाही. खोक्यावर पद्मिनी, खालच्या चिठ्ठीवर अँबेसेडर, आत अँबेसेडरचा पार्ट. म्हणजे चूक नजरचुकीने झालेली नाही. कोणीतरी हाताने दुसरी चिठ्ठी चिकटवली आहे. दोन्ही चिठ्ठ्या दिसतील असे फोटो मी १५ सप्टेंबरला पाठवले. त्याची पोच आजपर्यंत नाही. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. हे मी वकिलाला विचारून लिहीत नाही, मीच वाचलं आहे. पाऊस लांबला की शेतकऱ्याला वाचायला वेळ असतो.

या सगळ्यात मोझरीची पुण्यतिथी निघून गेली. आजी एसटीने गेली. ८१ वर्षांची बाई, परत येताना मोर्शीपर्यंत उभी. तुमच्या फॉर्ममध्ये 'झालेले नुकसान (रुपयांत)' असा रकाना आहे. तो मी रिकामा सोडला, आणि तुमच्या सिस्टिमने 'हा रकाना अनिवार्य आहे' म्हणून फॉर्म परत पाठवला. मग ० लिहिलं. तेवढं मात्र लगेच स्वीकारलं.

मला हवं आहे ते एवढंच. १९७८ च्या पद्मिनीचा, मेट्रिक आट्याचा मास्टर सिलिंडर, आणि तुमचा चुकीचा पार्ट तुमच्या खर्चाने परत. तो पार्ट तुमच्याकडे नसेल तर तसं सरळ सांगा आणि त्याचे ३,१५० रुपये परत करा, मी नागपूरला भंगार बाजारात स्वतः शोधतो. कूपन नको. 'पुढील खरेदीवर १० टक्के सूट' तर अजिबात नको, मागच्या खेपेला ती कोणी मागितली होती?

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तारखेला तुम्हाला इकडे यावं लागेल. आलात तर वरूडहून पुढे १४ किलोमीटर या, कोठा दाखवतो, चहा पाजतो. गाडीतून फिरवणार मात्र नाही, कारण तुम्हाला माहीत आहे.

आपला,
१९७८ च्या पद्मिनीचा सध्याचा मालक
ता. वरूड, जि. अमरावती
९ नोव्हेंबर २०२५

ता. क. : व्हिडिओ पाहिजेच असेल तर सोबत पाठवतो आहे. ४० सेकंदांचा आहे. गाडी कोठ्यात उभी आहे आणि चारही चाकांखाली गोटे लावलेले आहेत. पाहणाऱ्याला तेवढ्यावरून समजावं.