स्वस्त औषधच मिळेनासे का होते?

मा. संपादक,

एप्रिल उजाडला की ‘औषधे महागली’ अशा बातम्या येतात. दर आटोक्यात ठेवलेले औषध दुकानातूनच नाहीसे होते, त्याची बातमी मात्र क्वचितच होते. ग्रामीण रुग्णालयांना त्याचा फटका जास्त बसतो, म्हणून हे पत्र.

औषध दर नियंत्रण आदेश, २०१३ नुसार अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरण (एनपीपीए) ठरवते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. बाजारात १ टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ब्रँडचे किरकोळ विक्रेत्याला पडणारे दर घ्यायचे, त्यांची साधी सरासरी काढायची आणि त्यावर विक्रेत्याचे १६ टक्के लावायचे, असे हे सूत्र आहे. समजा, पाच ब्रँडचे दर २, ३, ९, १० आणि ११ रुपये आहेत. सरासरी ७ आणि कमाल किंमत जीएसटी वगळून ८ रुपये १२ पैसे. गोळी बनवायला खरा खर्च किती येतो, हे सूत्र विचारतच नाही. त्यामुळे बाजार महाग असेल तर कमाल किंमतही महागच राहते आणि बाजार आधीच स्वस्त असेल तर ती अगदी तळाशी अडकते. यानंतर दरवर्षी १ एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदल होतो. २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढ मिळाली, २०२४ मध्ये फक्त ०.००५५१ टक्के. पाच रुपयांच्या ॲम्प्युलवर, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुपीवर, ही वाढ एक पैसाही भरत नाही. निर्देशांकात धान्य, इंधन, धातू असे सगळेच असते; आयात कच्च्या मालाचा किंवा काचेच्या ॲम्प्युलचा खर्च त्यात वेगळा दिसत नाही.

ॲट्रोपिनचेच घ्या. कीटकनाशकाच्या विषबाधेत ते जीव वाचवते, आणि २०१७ मध्ये यवतमाळने अशी विषबाधा पाहिली आहे. एका ॲम्प्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम औषध असते. गंभीर रुग्णाला ३ मिलिग्रॅमपासून, म्हणजे ५ ॲम्प्युलपासून सुरुवात केली आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट केली, तर ५, १० आणि २० मिळून दहा मिनिटांतच ३५ ॲम्प्युल लागतात. कपाटात एकच डबा असेल तर डॉक्टरने काय करायचे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएने आदेशाच्या परिच्छेद १९ खालील असाधारण अधिकार वापरून आठ औषधांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली. त्यात ॲट्रोपिन, बेंझाइल पेनिसिलिन, सॅलब्युटामॉल, स्ट्रेप्टोमायसिन आणि लिथियम होते. निर्णय योग्यच होता, पण हा दरवाजा उत्पादक ‘परवडत नाही’ म्हणून अर्ज करू लागल्यावर उघडतो. तोवर काही जणांनी उत्पादन कमी केलेले असते किंवा थांबवलेले असते. मनोविकारावरची लिथियमची गोळी आठवडाभर मिळाली नाही, तर स्थिर झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडू शकतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तो थांबणार कसा?

यादीतले औषध बंद करायचे असेल, तर परिच्छेद २१ नुसार कंपनीने सहा महिने आधी जाहीर सूचना द्यायची असते. सरकार तिला वर्षभर उत्पादन चालू ठेवायला सांगू शकते. पळवाट अशी की कंपनी औषध बंद न करता फक्त बॅच कमी करते, आणि मग सूचनेचा प्रश्नच येत नाही. उत्पादन आणि विक्रीचे तिमाही आकडे मात्र सरकारकडे येतच असतात. ते औषधनिहाय जाहीर करावेत, आणि लागोपाठ दोन तिमाही उत्पादन घसरले की परिच्छेद १९ चा विचार सरकारने आपणहून सुरू करावा. मोजके उत्पादक उरलेल्या जुन्या इंजेक्शनांची किंमत खर्चावर आधारित ठरवावी. दुसऱ्या टोकाला, जिथे सरासरीच फुगलेली आहे, तिथे ब्रँडच्या खपानुसार भारित सरासरी (जास्त खपाच्या ब्रँडचा दर जास्त मोजणारी) घेतली, तर स्वस्त ब्रँड जास्त खपणाऱ्या औषधांत रुग्णाचे पैसे वाचतील.

वाचकांसाठी एवढेच: कमाल किंमत यादीत दिलेल्या मात्रेला आणि प्रकारालाच लागू होते, यादीत नसलेल्या, दोन औषधे एकत्र असलेल्या मिश्र गोळीला नाही. दुकानात दरपत्रक ठेवणे बंधनकारक आहे, ते मागावे. ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर दर पाहता येतो. जास्त पैसे घेतले किंवा औषध मिळतच नसेल, तर १८०० १११ २५५ या क्रमांकावर तक्रार करावी. तक्रारीत औषधाचे नाव, मात्रा, कंपनी आणि दुकान लिहावे. जास्त दराची तक्रार असेल तर बॅच क्रमांक आणि बिलही जोडावे. बिल नसेल तर अशी तक्रार पुढे सरकणे कठीण जाते.

— एक औषधनिर्माण अधिकारी, सातारा