सावज बघायला शिकवणाऱ्या ताईंना

ती. ताईंस,
शि. सा. नमस्कार.

१६ जूनला गीरचं जंगल बंद झालं. आता १५ ऑक्टोबरपर्यंत सासणहून सफारीची एकही जिप्सी आत जाणार नाही. पावसाळ्याचे चार महिने जंगल ज्याचं त्याला परत. या दिवसांत मी दरवर्षी सिंहांच्या फोटोंच्या प्रिंटांचं पाकीट घेऊन बडोद्यातल्या दांडिया बाजारात तुमच्याकडे यायचो. यंदा त्या घराला कुलूप आहे, तुम्ही लेकीकडे पुण्याला गेलात. परवा सवयीनं प्रिंट काढून आणल्या आणि मग लक्षात आलं, आता या दाखवायच्या कुणाला? तेव्हा ठरवलं की सहा वर्षांचे आभार एकदा नीट मानावेत, आणि तेही सगळ्यांना वाचता येतील असे. ते उघडपणे का, हे पुढे येईलच.

पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या हातात एक मोठी प्रिंट होती. सागाखाली पसरलेला नर, जबडा पूर्ण वासलेला, चारही सुळे दिसतायत. खाली मी ‘गर्जना’ असं नाव छापून घेतलं होतं. ज्यांनी ज्यांनी पाहिली त्यांनी वाहवा केली होती. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिलात, मग प्रिंट उलटी धरून पाहिली आणि विचारलंत, “कान कुठं गेले याचे?”

मला प्रश्नच कळला नव्हता. टीव्हीवर पाहिलेले आफ्रिकेतले दाट आयाळीचे सिंह माझ्या डोक्यात होते, म्हणून मी संगणकावर त्याच्या आयाळीतल्या सावल्या गडद केल्या होत्या. त्यात कान बुडाले. तुम्ही सांगितलंत की गीरच्या नराची आयाळ डोक्यावर तोकडी असते, कान उघडे दिसतात, आणि सिंहाचं मन वाचायचं तर सगळ्यात आधी कान वाचायचे. मग मूळ फोटो मागवलात. त्यात कान सैल होते, डोळे मिटलेले होते. “ही जांभई आहे,” तुम्ही म्हणालात. “गर्जना करताना तो तोंड एवढं वासत नाही. ओठ पुढे येतात, मान लांब होते आणि दर हुंकाराला पोट आत ओढलं जातं. पहाटे थंडीत बघितलंस तर वाफ दिसेल.” तुमच्या आवाजात टोमणा नव्हता. शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या बाईंचा तो आवाज होता: चूक दाखवायची आणि लगेच बरोबर काय तेही दाखवायचं.

तीन वर्षांनी डिसेंबरात ती वाफ मला दिसली. सकाळच्या पहिल्या फेरीत, कोवळ्या उन्हाच्या तोंडावर, नर उभा राहून हुंकारत होता आणि प्रत्येक हुंकाराबरोबर पांढरा धूर निघत होता. बरगड्यांखाली पोट आत जात होतं, अगदी तुम्ही सांगितलं तसं. आधी मी नुसता बघत राहिलो. कॅमेरा नंतर उचलला.

तुमची टीका करायची पद्धत मी इतर कुठं पाहिली नाही. लोक आधी तंत्र काढतात: शटर किती, आयएसओ किती, क्षितिज तिरकं आहे. तुमच्या टेबलावर तंत्राची पाळी शेवटी यायची. पहिला प्रश्न ठरलेला, “काय करत होता तो?” मग “ऊन कुठून होतं?” मग “तू कुठं होतास?” या तीन प्रश्नांची उत्तरं देता देताच फोटोत काय चुकलंय ते माझ्या तोंडून बाहेर पडायचं.

सिंहिणीचा तो केशरी फोटो आठवतो ना? एप्रिलातली, वाळल्या गवतात बसलेली. मी रंग एवढे चढवले होते की ती नारिंगी दिसत होती. तुम्ही तिच्याकडे बोट न दाखवता तिच्या पंजाजवळच्या सागाच्या पानाकडे दाखवलंत. “हे पान गीरमध्ये कुठं मिळतं, मलाही दे आणून.” वाळलेलं पान फिकट तपकिरी असतं हे मला माहीत होतं की! एप्रिलात सिंहीण गवताच्याच रंगाची होते आणि तिचं सगळं जगणं त्या रंगावर चालतं. मी तोच पुसला होता. शिवाय चौकट आवळताना खालून पोटाची कड कापली होती. पोटाखाली लोंबणारी कातडीची घडी ही आशियाई सिंहाची खूण. आफ्रिकेतल्या सिंहांत ती क्वचितच दिसते. “ओळखपत्रच कापलंस,” एवढंच म्हणालात.

तिथून तुम्ही मला मिशांकडे नेलंत. ओठांवर मिशांच्या मुळाशी ठिपक्यांच्या ओळी असतात. प्रत्येक सिंहात त्यांची मांडणी वेगळी आणि ती जन्मभर बदलत नाही, अभ्यासक त्यावरून सिंह ओळखतात. तुमच्या जुन्या वहीत फिल्मच्या काळात पेन्सिलीनं काढलेले डाव्या-उजव्या गालांचे नकाशे आहेत. रोलमध्ये छत्तीस फोटो, ते धुऊन यायला आठवडा, आणि तरी तुम्ही एकेक गाल जुळवत बसायचात. तेव्हापासून मी फोटो मोठा करून आधी ठिपके बघतो. ते स्पष्ट असतील तर फोटो चारचौघांसारखा असला तरी ठेवतो, कारण त्यावरून तो सिंह पुन्हा ओळखता येतो. सप्टेंबर २०१८ मध्ये धारीजवळच्या दलखाणिया रेंजमध्ये तीनेक आठवड्यांत २३ सिंह गेले, कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांमध्येही होणाऱ्या रोगाच्या विषाणूचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. ती वही मला दाखवताना तुम्ही धारीच्या बाजूची पानं न बोलता उलटलीत. मीही काही विचारलं नाही.

धारीशी तुमचं नातं जुनं. अमरेली, धारी, कोडिनार हा मुलूख तेव्हा बडोदा संस्थानात होता आणि तुमचे आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत धारीला होते. त्यांच्याकडून तुमच्या घरात काठियावाडी शब्द आले. एकदा मी कसलीशी बढाई मारत होतो, दोन तास माग काढून शेवटी ‘सावज टिपलं’ असं काहीतरी म्हणालो. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. “मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार करायची ते. गीरच्या माणसाला विचार, तिथं सावज म्हणजे खुद्द सिंह. तू अजून मराठीतल्या सावजामागे धावतोयस.” मग मोठ्या आयाळीच्या नराला माणसं ‘डालामथ्थो’ म्हणतात, डाल्याएवढ्या डोक्याचा, हेही सांगितलंत. मला आमच्या साताऱ्याकडचं कोंबड्या झाकायचं डालगं आठवलं. त्यानंतर नेसातल्या, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरच्या, गुरं पाळणाऱ्या मालधाऱ्यांशी बोलताना मी कान देऊन ऐकायला लागलो. सावज या शब्दात त्यांचा दरारा असतो आणि घरच्यासारखी सलगीही. म्हशी गेल्याचं दुःख सांगतानासुद्धा ते त्याला शिवी देत नाहीत.

आता ज्या फोटोसाठी हे पत्र उघडं लिहितोय, त्याकडे येतो.

तीन बछडे आणि आई. आई थेट लेन्समध्ये बघतेय, डोळ्यांत उजेडाचा ठिपका, मिशांचा केस न् केस मोजता येतो. माझ्या सगळ्या फोटोंत हा सर्वांत जास्त नावाजला गेला. तुमच्यासमोर ठेवला तेव्हा मी कौतुकाची वाट बघत होतो. तुम्ही विचारलंत, “आधी ती कुठं बघत होती?” बछड्यांकडे, मी म्हटलं. “मग मान का वळवली?” मी गप्प. “किती वेळ होतात?” वीस-पंचवीस मिनिटं. “गाडी पुढे कुणी घ्यायला लावली?”

मीच लावली होती. चालकभाई थांबले होते, गाइड नको म्हणत होता. मी थोडं, अजून थोडं करत त्यांना पुढे ढकललं. तो फोटो मिळाला त्याच्या पुढच्या मिनिटाला आईनं एक बछडा तोंडात उचलला आणि झाडोऱ्यात गेली, बाकीचे दोघे धडपडत तिच्या मागे. दुपारच्या उन्हात तिनं सावलीची जागा सोडली ती माझ्यामुळे. फोटोत तिचे कान मागे पडलेत, शेपटीचं टोक धूसर आहे, कारण ती झटकली जात होती. हे सगळं त्या कागदावर स्वच्छ दिसत होतं आणि मी त्याला सुंदर म्हणत होतो.

तुम्ही रागावला नाहीत, पण प्रिंट पालथी ठेवलीत. “पुसू नकोस. घरी ठेव. कुणाला दाखवू नकोस, आणि दाखवलास तर कसा मिळाला तेही सांग.” ताई, तो फोटो मी आधीच शेकडो लोकांना दाखवून बसलो होतो. कसा मिळाला ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आज सांगतोय. ज्यांनी त्याचं कौतुक केलं त्यांनी ते मनातून काढून टाकावं, ही माझी हात जोडून विनंती.

देवळियाचंही तसंच. तिथलं कुंपणातलं चारशे बारा हेक्टरांचं सफारी पार्क वेगळं आणि मोकळं जंगल वेगळं. तिथं फोटो काढण्यात काहीच वाईट नाही, माझ्या आईबाबांना मी तिथंच सिंह दाखवले. पण फोटोखाली नुसतं ‘गीर’ लिहिलं की बघणाऱ्याची फसगत होते. तुमच्या सांगण्यावरून मी सगळ्या जुन्या फोटोंखालच्या ओळी बदलल्या. दोन संध्याकाळी गेल्या, पण बरं वाटलं.

आणि विहीर. यावर मला थोडं जास्त लिहायचंय, कारण तुमच्याकडून मिळालेलं सगळ्यात मोठं ते हेच असं मला वाटतं.

धारीहून परत येताना संध्याकाळी रस्त्यालगतच्या आंब्याच्या बागेत एक तरुण नर दिसला. कुणी दाखवलेला नव्हे, (तुम्ही लगेच विचारलंत, कारण पैसे घेऊन रात्री शेतात सिंह दाखवण्याचे बेकायदा धंदे चालतात.) गाडीतूनच चार फोटो काढले आणि निघालो. फोटोत त्याच्या मागे विजेचा खांब होता आणि विहिरीचा सिमेंटचा कठडा. मी घरी येऊन दोन्ही पुसले. खांबाच्या जागी आभाळ आणलं, कठड्याच्या जागी गवत. काम इतकं सफाईदार झालं होतं की कुणालाच कळलं नसतं. तुम्हाला कळलं, कारण गवताचा एक झुबका दोनदा आला होता.

“खांब पुसलास ते एक वेळ समजू शकते,” तुम्ही म्हणालात, “पण कठडा?” आणि मग तुम्ही मला विहिरींबद्दल सांगितलंत. या भागातल्या कितीतरी विहिरी जमिनीच्या पातळीला उघड्या होत्या. रात्री शिकारीमागे धावणारा सिंह किंवा बिबट्या सरळ आत जायचा. वनखात्यानं, संस्थांनी आणि गावकऱ्यांनी मिळून अशा हजारो विहिरींना कठडे बांधले. “तो कठडा आहे म्हणून कदाचित हा तुला उभा दिसला. आणि तू त्याच्याच फोटोतून तो काढून टाकलास.”

त्या रात्री मला झोप आली नाही. २०२५ च्या मोजणीत सिंह ८९१ झाले, ११ जिल्ह्यांत पसरले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक संरक्षित जंगलाबाहेर आहेत. म्हणजे कपाशीत, बागेत, रेल्वेच्या रुळांजवळ, समुद्रकाठच्या बाभळींत. आपण मात्र फोटोत अजूनही खांब, तार, पाइप काही नसलेलं रान दाखवत राहतो. त्यांचं खरं घर आता असं दिसतं, खांबासकट. मी मूळ फोटो पुन्हा छापला. सिंह लहान, कठडा मोठा, वरून तारा. सुंदर नाही तो. बागेच्या मालकाला एक प्रत दिली तर त्यानं सिंहाआधी कठड्यावर बोट ठेवलं, “आ अमे बांध्यो छे.” हा आम्ही बांधलाय. तो फोटो आता त्याच्या घरात लावलेला आहे. माझ्या इतर कुठल्याही फोटोला अशी जागा मिळालेली नाही.

तुम्ही शिवून दिलेली ज्वारीची पिशवी अजून वापरतो. जिप्सीत तिपाईचा काही उपयोग नाही, ही दाराच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली की हात स्थिर राहतो आणि नजर सिंहाच्या डोळ्यांच्या जवळपास खाली येते. उभ्यानं वरून काढलेला सिंह गालिच्यासारखा दिसतो, हे तुमचंच म्हणणं. पिशवीतली ज्वारी मात्र गेल्या पावसात किडली, ती बदलली. टाके तुमचेच ठेवलेत, एक बाजू तेवढी उसवून परत शिवली. माझे टाके वाकडे आलेत.

सोबत वेगळ्या पाकिटात दहा प्रिंटा पाठवतोय, मॅट कागदावर. मागची बाजू कोरी ठेवली आहे. सवडीनं पेन्सिलीनं लिहा आणि परत पाठवा. सातव्या फोटोत सिंहीण जमीन हुंगून ओठ वर ओढून थांबलीय. मी त्याखाली काहीच लिहिलेलं नाही. मला वाटतंय ती वास घेतेय, गुरगुरत नाहीये. तिचे कान बघा आणि सांगा.

१६ ऑक्टोबरच्या परमिटासाठी अर्ज करणार आहे. मोतीबिंदूचं काम तोवर आटोपलं असेल आणि डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, तर तुमचंही नाव घालू का? पुढची सीट तुमची.

तुमचा,
सातारकर

बडोदा