कारकुनाला लावलेली फूटपट्टी उमेदवारालाही लावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला, की हिलरी क्लिंटन यांचे ईमेल आणि डोनाल्ड ट्रम्प यांची सरकारी कागदांची खोकी यांवरून चारित्र्याचे दाखले फार झटपट वाटले जातात. एक बाजू देशद्रोह म्हणते, दुसरी नुसता कागदी घोळ म्हणते, आणि वैतागलेला तिसरा सगळे एकाच माळेचे मणी म्हणून मोकळा होतो. तिघांनीही मूळ कागद चाळलेले नसतात.

वास्तविक अशा प्रकरणात माणूस कसा पारखायचा, याची पद्धत तिथल्या सरकारने कधीच ठरवून ठेवली आहे. सरकारी नोकर असो वा कंत्राटदाराचा माणूस, गुप्त कागद हाताळायचा तर एसएफ-८६ हा लांबलचक अर्ज भरावा लागतो, पूर्वायुष्याची चौकशी होते आणि १३ निकष लावले जातात. त्यातला ‘के’ हा निकष माहिती कशी हाताळली याचा. ‘ई’ हा वैयक्तिक वागणुकीचा, आणि त्यात खरे बोलण्याला मोठे वजन आहे. एक चूक झाली म्हणून क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कागद हाताळायची परवानगी, लगेच जात नाही. चूक नकळत झाली का, एकदा की वारंवार, स्वतःहून आणि तातडीने कळवली का, समज दिल्यावर फरक पडला का, हे बघतात.

राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना यातले काहीच लागू नाही. निवडून आले, की पदाबरोबर सगळी कपाटे उघडतात. इतकेच काय, प्रमुख उमेदवारांना गुप्तचर माहिती देण्याची प्रथा १९५२ पासून आहे, तीही या चाळणीशिवाय. फायली लावणाऱ्या कारकुनाची कसून चौकशी, आणि सर्वांत वरच्या खुर्चीची चौकशी फक्त मतदाराकडे. मग त्याने निदान तीच फूटपट्टी वापरावी.

क्लिंटन यांना ती लावून पाहू. २००९ ते २०१३ या काळात परराष्ट्रमंत्री असताना त्यांचा कामाचा ईमेल चॅपाक्वा येथील घरच्या सर्व्हरवरून चाले. हे मार्च २०१५ मध्ये जगजाहीर झाले. (विकिलीक्सने ऑक्टोबर २०१६ पासून फोडलेले मेल या सर्व्हरवरचे नव्हतेच. ते प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या जीमेल खात्यातले, खोटा सुरक्षा-इशारा पाठवून पासवर्ड उकळून मिळवलेले. तरीही दोन्ही प्रकरणांची खिचडी आजही होते.) क्लिंटन यांनी खात्याला परत केलेल्या सुमारे ३०,००० मेलपैकी ११० मेलमध्ये, म्हणजे ५२ साखळ्यांत (साखळी म्हणजे एकाच विषयावरच्या मेल-उत्तरांची मालिका), पाठवले किंवा मिळाले त्याच वेळी गुप्त असलेली माहिती होती, असे एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी ५ जुलै २०१६ रोजी सांगितले. त्यातल्या ८ साखळ्या ‘टॉप सीक्रेट’, ३६ ‘सीक्रेट’ आणि ८ ‘कॉन्फिडेन्शियल’ (गुप्ततेचे हे तीन दर्जे, उतरत्या क्रमाने). आणखी सुमारे २,००० मेल नंतर गुप्त ठरवले गेले. ते वेगळे मोजायला हवेत, कारण पाठवणाऱ्याला उद्याचा शिक्का आज दिसत नाही.

हे घडते कसे? गुप्त कामाचे संगणक-जाळे साध्या जाळ्याला जोडलेलेच नसते, तिथला मेल साध्या पत्त्यावर ‘फॉरवर्ड’ होत नाही. पण कुणीतरी तिथे वाचलेले डोक्यात घेऊन बाहेर येतो, घाई असते, आणि तो स्वतःच्या शब्दांत साध्या मेलवर लिहून टाकतो. शिक्का आत राहतो, माहिती बाहेर जाते. म्हणूनच ‘त्यावर शिक्का नव्हता’ या बचावात फार दम नाही. क्लिअरन्स घेताना सही करायच्या एसएफ-३१२ या करारातच लिहिले आहे, की माहिती शिक्का असलेली असो वा नसलेली, अगदी तोंडी सांगितलेली असली तरी, जबाबदारी तीच.

शिक्क्याचेही एक शास्त्र आहे. पानाच्या माथ्यावर व तळाशी एकूण दर्जा, पहिल्या पानावर तीन ओळी (कोणी ठरवला, कशाच्या आधारे, कधीपर्यंत) आणि प्रत्येक परिच्छेदाच्या आधी कंसात त्या परिच्छेदाचे अक्षर. क्लिंटन यांच्या तीन मेल-साखळ्यांत यातले फक्त शेवटचे होते : कंसातला ‘सी’, म्हणजे कॉन्फिडेन्शियल. माथ्यावर काही नाही. २ जुलै २०१६ च्या जबानीत त्या ‘सी’बद्दल विचारल्यावर, तो परिच्छेदांचा वर्णानुक्रम असावा, असा तर्क त्यांनी केला. अर्धवट शिक्का नजरेतून निसटू शकतो, हे मान्य. पण चार वर्षे परराष्ट्र खाते चालवलेल्या व्यक्तीने ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले, हे स्वतःला विचारायला हरकत नव्हती.

‘के’ निकषावर निष्कर्ष असा, की हेतू दिसत नाही, निष्काळजीपणा ढळढळीत दिसतो. कोमींनीही त्याला ‘अत्यंत निष्काळजी’ म्हटले आणि खटल्याची शिफारस केली नाही. माझ्या मते खरी अडचण ‘ई’ची आहे. मार्च २०१५ मध्ये विधान होते, की गुप्त असे काही नव्हतेच. पुढे ते ‘त्या वेळी शिक्का मारलेले काही नव्हते’ असे झाले. सर्व कामाचे मेल दिल्याचे सांगितले होते, तर एफबीआयला न दिलेले हजारो सापडले. ते मुद्दाम दडवल्याचा पुरावा नाही, असेही एफबीआयनेच नोंदवले. पण विधान पुराव्याच्या मागून सरकत गेले, की चौकशी अधिकारी त्याची नोंद करतोच.

ट्रम्प यांच्याबाबत प्रश्न उलट टोकाचा आहे. कागद घरी कसे गेले यापेक्षा मागितल्यावर काय झाले, हे महत्त्वाचे. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराला मिळालेल्या १५ खोक्यांत गुप्ततेच्या शिक्क्यांचे १९७ कागद होते. मे महिन्यात ग्रँड ज्युरीचे (आरोप ठेवायचे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे) समन्स निघाले, ३ जूनला ३८ कागद देऊन ‘बारकाईने शोधले, आता काही उरले नाही’ असे लेखी दिले गेले, आणि ८ ऑगस्टच्या झडतीत मार-अ-लागोत, ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील निवासस्थानी, आणखी १०२ निघाले. ‘मी ते आधीच खुले केले होते’, म्हणजे गुप्ततेतून काढले होते, हा युक्तिवादही कायद्यात नीट बसत नाही. पुढे कागद ठेवून घेतल्याचे आरोप ज्या १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली ठेवले गेले, त्यात ‘वर्गीकृत’ हा शब्दच नाही. तो ‘राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित माहिती’ एवढेच म्हणतो, कारण शिक्क्यांची आजची पद्धत त्यानंतरची. मात्र ट्रम्प यांनी आरोप नाकारले होते. १५ जुलै २०२४ रोजी न्या. एलीन कॅनन यांनी खटला चालवणाऱ्या विशेष सरकारी वकिलांची नेमणूकच अवैध ठरवून खटला काढून टाकला आणि निवडणुकीनंतर ट्रम्प यांच्याविरुद्धचे अपील मागे घेतले गेले. त्यामुळे दोषी किंवा निर्दोष असा निवाडा झालाच नाही, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावे.

माजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी जानेवारी २०२३ मध्ये घरी कागद सापडल्यावर कळवले आणि प्रकरण मिटले. जो बायडेन यांच्या वकिलांनीही २ नोव्हेंबर २०२२ रोजी सापडताच कळवले, पण जनतेला ते कळले जानेवारीत, मधल्या काळात तिथल्या संसदेची (काँग्रेसची) निवडणूक उरकल्यावर. शिवाय २०१७ मध्ये ते आपल्या पुस्तकाचे शब्दांकन करणाऱ्या लेखकाला गुप्त कागद घरात सापडल्याचे सांगत असल्याचे ध्वनिमुद्रण विशेष सरकारी वकील रॉबर्ट हर यांना मिळाले. ‘लगेच परत केले’ हे वाक्य तिथे पाच वर्षांनी लांबते. खटला भरण्याइतका पुरावा नाही, असे हर यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटले.

एक विनंती. यापुढे अशा बातमीत आकडा छापताना तो मेलचा, साखळ्यांचा की कागदांचा, आणि शिक्का तेव्हाचा की नंतरचा, हे सोबत द्यावे. ३०,०००, २,०००, ११० आणि ५२ हे चारही आकडे एकाच प्रकरणाचे आहेत आणि चारही बरोबर आहेत.

आपला,
एक वाचक